त्या टँकरचं पाणी

आमचे अण्णा परळीकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात केमिस्ट होते. आम्ही कारखान्याच्या कॉलनीत राहायचो. मी तेव्हा सातवीत होते आणि माझा भाऊ नुकता शाळेत जायला लागला होता. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेल्यामुळे शिवारात ऊसच उरला नव्हता, आणि त्या साली गाळप सुरूच झालं नाही. अण्णा तरी रोज इस्त्रीचा शर्ट घालून लॅबमध्ये जायचे, रिकाम्या काचेच्या नळ्या पुसायचे आणि जेवायला घरी यायचे.

बऱ्या दिवसांत त्यांनी एक जुनी फियाट घेतली होती. उन्हाळ्याच्या तोंडाला मावशीचा साखरपुडा ठरला. आईचं माहेर शिरूर कासारचं. अण्णांचं म्हणणं होतं की एसटीनं जाऊ.

"घरची गाडी असताना एसटी कावून?" आई म्हणाली. "पाव्हणे येणार अन् तिथं प्यायला पाणी न्हाई. दोन कॅन भरून न्यायचेत मला. ते काय डोक्यावर नेऊ?"

कॉलनीच्या बोअरला अजून थोडं पाणी होतं. आईनं पहाटेच उठून दोन कॅन भरले आणि त्यांच्या तोंडाला फडकी बांधून डिकीत ठेवले. आम्ही निघालो. अंबाजोगाई, केज गेलं. भाऊ मागच्या सीटवर माझ्याशेजारी, दाराच्या काचेला नाक लावून बसला होता आणि दिसेल त्या ट्रकचा रंग ओरडून सांगत होता.

मांजरसुंबा यायच्या आधी रस्ता अरुंद होता. समोरून गाडी आली की दोघांनीही एकेक चाक डांबरावरून खाली उतरवायचं, अशी रीत. समोरून पाण्याचा टँकर आला. अण्णांनी चाक खाली घेतलं. टँकरवाल्यानंही घेतलं असावं, पण आतलं पाणी एका अंगाला गेलं आणि टँकर आमच्याकडे झुकला. पुढचं मला नीट आठवत नाही. आईचा हात काचेवर आपटताना दिसला, आणि मग सगळीकडे माती होती.

मला कळायला लागलं तेव्हा गाडी शेतात एका कुशीवर पडली होती. इंजिनातून सूं सूं आवाज येत होता. आई पुढच्या सीटखाली अडकली होती. तिचा एक पाय भलत्याच दिशेला वळलेला. अण्णा स्टिअरिंगला धरून नुसते बसले होते. भावाच्या बाजूचं दार उघडं होतं आणि तो तिथं नव्हता.

"लेकरू कुठंय?" आईनं विचारलं. मी उघड्या दाराकडं बघत राहिले. "अवं, लेकरू कुठंय?" तिनं अण्णांना विचारलं.

रस्त्यावर टँकर आडवा झाला होता आणि त्याच्या तोंडातून पाण्याचा लोट चालला होता. जवळच्या वस्तीतल्या बाया त्याच टँकरची वाट बघत बसलेल्या. त्या हंडे-घागरी घेऊन पळत आल्या, पण आमच्याकडे नाही, पाण्याकडे. फुटलेल्या काचेतून मला त्यांच्या पाठी दिसत होत्या. कुणी हंडा लावत होती, कुणी ओंजळीनं भरत होती. मी ओरडले. आवाज फुटला की नाही, ठाऊक नाही.

मग एक म्हातारी थांबली. तिनं आमच्या गाडीकडं पाहिलं आणि घागर तिथंच टाकली.

"ठेवा गं खाली ते! माणसं हायेत गाडीत! आधी माणसं काढा!"

एकेक करून सगळ्याच आल्या. त्यांनी गाडी ढकलून सरळ केली आणि आईला लुगड्याच्या झोळीत घालून बाहेर काढलं. आई ओरडत होती ते पायासाठी नव्हे. मागं पाणी मातीत जिरत होतं आणि कुणी तिकडं वळून पाहत नव्हतं.

भाऊ सापडायला फार वेळ लागला, किंवा मला तसं वाटलं. अण्णा ढेकळांतून त्याच्या नावानं हाका मारत फिरत होते, वाळक्या तुराट्या हातानं बाजूला करत होते. शेवटी बांधापलीकडून एका बाईनं हाक दिली. भाऊ तिच्या मांडीवर होता. कपाळ फुटलेलं, डोळे उघडे. रडत नव्हता, बोलतही नव्हता. ती पदर ओला करून त्याचं तोंड पुसत होती.

"जित्ता हाय," ती अण्णांना म्हणाली. "भिलाय निस्ता."

अण्णा तिथंच मातीत बसले.

एका जीपनं आम्हाला बीडला सिव्हिलला नेलं. टँकरचा ड्रायव्हरही त्याच जीपमध्ये होता, हात गळ्यात बांधलेला. तो सारखा म्हणत होता, "साहेब, म्या स्टेरिंग लई वडलं हो, लई वडलं." अण्णांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. पुढं पोलिसांनी विचारलं तेव्हाही अण्णांनी त्याच्या अंगावर काही ढकललं नाही.

आईच्या मांडीचं हाड मोडलं होतं. ती कितीतरी दिवस प्लॅस्टरमध्ये होती. मावशीचा साखरपुडा आमच्याशिवाय झाला. भाऊ बोलायला लागला, पण अडखळत. 'पाणी' म्हणताना तर पहिल्याच अक्षरावर अडकायचा आणि मग नुसतं बोट दाखवायचा. अण्णांना खरचटलंसुद्धा नव्हतं. तेच त्यांना सोसत नव्हतं, असं मला आता वाटतं. जेवताना ते मिठाची वाटी आणि तांब्या समोरासमोर मांडायचे आणि हळूहळू सरकवायचे. "गाडी अजून खाली घेतली असती तर?" असं स्वतःशीच म्हणायचे. एकदा आईनं बाजेवरून हात लांबवून तांब्या उचलला आणि पाणी पिऊन टाकलं.

"जेवा आता," ती म्हणाली. "रोज रोज किती येळा मारताल आमाला?"

त्यानंतर त्यांनी तसं मांडलं नाही. गाडी भंगारात गेली. अण्णांनी पुन्हा कधी स्टिअरिंग धरलं नाही.

आई काठीनं चालायला लागल्यावर आम्ही एसटीनं त्या वस्तीवर गेलो. आईनं बायांसाठी लुगडी नेली होती. म्हातारीनं तिला चेहऱ्यावरून ओळखलं नाही, काठी पाहून ओळखलं. दोघी बाजेवर बसल्या.

"त्या दिवशी मग पाण्याचं काय केलं?" आईनं विचारलं.

"काय करणार? दुसरा टँकर लई उशिरा आला. नदीच्या वाळूत झिरे उकरले." म्हातारी सहज सांगत होती, तक्रार नव्हती. "त्या पाण्यानं ल्हान पोरं आजारी पडली. माझा नातू लई दिवस अंथरुणावर व्हता."

"आता बरा हाय?"

"हाय की. शेरडामागं गेलाय."

आईनं लुगडी म्हातारीच्या मांडीवर ठेवली, पण देताना आभाराचं जे म्हणायचं ठरवून आली होती, ते म्हणालीच नाही. परतताना फाट्यावर एसटीची वाट बघत आम्ही उभे होतो. एक ट्रक आला तसा भाऊ आईच्या पदरामागं लपला. अण्णा रस्त्याकडं पाठ करून उभे राहिले. आई मात्र काठीवर भार देऊन वस्तीकडंच पाहत होती, आणि एसटी येऊन थांबली तरी तिचं लक्ष नव्हतं.