चव रजिस्टरातलं पान

माफ करा. मी लिहिणारा माणूस नाही. यवतमाळच्या एका कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेला पहिलाच. आजपर्यंत अर्ज सोडून मी काही लिहिलेलं नाही. अर्जात आधी 'महोदय' लिहावं लागतं. इथं काय लिहितात मला माहीत नाही. म्हणून माफी मागून सुरू करतो.

मी दहावीत होतो. पोळ्याचा दिवस. मारुतीच्या पारापुढं आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं. त्याखाली गावातले बैल ओळीनं उभे. शिंगांना बेगड, पाठीवर झुली. आणि ओळीच्या शेवटी माझा बाप. पाठीवर बैलाची झूल. गळ्यात घुंगरमाळ. दोन्ही हात जमिनीवर टेकलेले, कारण त्याला उभं राहता येत नव्हतं. सकाळपासून पाजलं होतं त्याला. पाजणारे भाऊसाहेब. गावातले सर्वांत मोठे शेतकरी आणि शाळा समितीचे अध्यक्ष.

"याले शिंगं लावा बे!" कोणीतरी ओरडलं.

"शिंगं कायले? वेसण लावा," भाऊसाहेब म्हणाले. "याच्या घरी बैल नाई तं काय झालं? हाच बैल."

सगळे हसले. माझ्या वर्गातली पोरं हसली. मीही हसलो.

हे दोन शब्द लिहायला मला चार वर्षं लागली. मीही हसलो.

आमची जात मी इथं लिहीत नाही. लिहिली की वाचणारा आधी ती वाचतो, मग मला. एवढं सांगतो की पोळ्याच्या आदल्या दिवशी गावात बैलांचे खांदे शेकतात आणि बैलाला मानानं सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. माझ्या बापाला पाहिलं की गावातले लोक म्हणायचे, "आज आवतन घे, उद्या प्यायले ये." वर्षभर म्हणायचे. बैलाला एक दिवस मान होता. बाबाला तेवढाही नाही.

त्या पोळ्यानंतर बाबा नालीत पडला आणि फुटलेल्या बाटलीची काच पायात घुसली. जखम चिघळली. वाहायला लागली. वासामुळं माणसं त्याच्याशी लांबून बोलायची. पाजायचे मात्र जवळ येऊन.

माय गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. फुलसावंगीच्या बाजारात तिला एक ओळखीची बाई भेटली. तिनं सांगितलं, उमरखेडला दर रविवारी प्रार्थना असते, नवऱ्याला घेऊन ये. मी नको म्हणालो. लोक काय म्हणतील. माय म्हणाली, "लोक आत्ता काय म्हणून राह्यले, ते आयकलं न तू?"

गेलो. एस.टी.त बाबाच्या शेजारची सीट उमरखेडपर्यंत रिकामी राहिली.

टिनाचं शेड होतं. खाली चटया. पन्नासेक माणसं, आमच्यासारखीच. तिथं एक रिटायर झालेली नर्सबाई होती. सगळे तिला ताई म्हणत. तिनं आमचं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. आधी पाय पाहिला. गरम पाणी आणलं. बाबाचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि धुतला. नाकाला पदर लावला नाही.

बाबा पाय मागं ओढत होता. "नोको बाई, घाण हाये."

"माह्या येशूनं दुसऱ्याईचे पाय धुतले," ती म्हणाली. "मी कोण लागून गेली भाऊ? सिधे बसा."

भाऊ. माझ्या बापाला कोणी भाऊ म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. बाबा रडला. पिऊन रडताना मी त्याला शंभरदा पाहिलं होतं. हे रडणं वेगळं होतं. मला तिथं उभं राहवेना.

ताईनं त्याला दवाखान्यातही नेलं. "गोळ्याबी घ्या अन् प्रार्थनाबी करा," तिनं बजावलं. "एक सोडून दुसरं करू नोका."

एका रविवारात काही झालं नाही. हात थरथरायचे. भिंतीवर किडे दिसायचे. दोनदा तो घसरला, पुन्हा नालीत सापडला. दोन्ही वेळा पुढच्या रविवारी माय त्याला घेऊन गेली. त्याच्या पुढच्या रविवारी तो स्वतःच तयार होऊन बसला. त्या दिवशी सगळ्यांसमोर उठून त्यानं प्रार्थना केली. "देवबापा, मले माणूस कर." एवढीच.

कॉलेजातली पोरं म्हणतील, गोळ्यांनी बरा झाला. असेल. मी भांडत नाही. पण मी तिथं होतो. गोळी त्याला भाऊ म्हणाली नव्हती.

उन्हाळ्यापर्यंत जखम भरली. बाबा रोजमजुरीला जाऊ लागला. संध्याकाळी माझ्या लहान बहिणीला पाढे म्हणायला लावायचा, स्वतःला येत नसताना. मला वाटलं, गावाला बरं वाटेल.

नाही वाटलं. बाप नालीत पडायचा तेव्हा तो गावाचा होता. उभा राहिला आणि परका झाला.

"काय गा, गव्हाचं पोतं भेटलं काय धरम इकून?" चौकात एकानं विचारलं.

"पाय धुवून भेटला," बाबा म्हणाला आणि चालू लागला.

मग त्यांनी मायला धरलं.

शाळेत एक चव रजिस्टर असतं. खिचडी शिजली की पोरांना वाढायच्या आधी कोण्या पालकानं चाखायची आणि रजिस्टरात चव लिहून सही करायची. भाऊसाहेबांनी गावात सांगून ठेवलं, या बाईचं कोणी चाखायचं नाही. कोणी चाखलं नाही. माय रोज ताटलीत दोन चमचे खिचडी काढून ठेवायची. ती तशीच थंड व्हायची. रजिस्टरातला रकाना कोरा. ज्या बायांनी आमच्या घरी येऊन मायच्या हातचा चहा पिला होता, त्या शाळेच्या गेटातून मागं फिरल्या.

पोळा आठ दिवसांवर आला तेव्हा भाऊसाहेबांनी आम्हाला शाळेच्या व्हरांड्यात बोलावलं. ते खुर्चीवर. बाजूला हेडमास्तर. आम्ही उभे.

"हे पाह्य," ते बाबाला म्हणाले, "मी काही तुहा दुस्मन नाई. पोळ्याले ये. सगळ्याईसमोर एक गिलास घे. झूल घे अन् तोरणाखाली उभा राह्य. गावाले समजन का तू आमचाच हायेस. दुसऱ्या दिवशी मी सोता चाखतो खिचडी."

"अन् नाई आला तं?" मायनं विचारलं.

"तं रजिस्टर कोरं. अन् कोऱ्या रजिस्टरवर बाई राहत नाई. इचार हेडमास्तराईले."

हेडमास्तर मैदानाकडं पाहत होते.

बाबानं मायकडं पाहिलं. त्याचे हात थरथरायला लागले. ती थरथर मला माहीत होती. मायचं काम वाचवायला बाबा तो ग्लास घेणार होता. आणि एका ग्लासानंतर तो परत आला नसता. उमरखेडचे सगळे रविवार त्या ग्लासात बुडाले असते. माय कशी बोलणार? हो म्हटलं तर नवरा जातो, नाही म्हटलं तर काम.

"नाई येणार," मी म्हणालो.

"कोण?"

"माहा बाप. तो माणूस हाये. तुमाले बैल पायजे असन तं गोठ्यात हायेत न."

"माजला काय बे तू?" भाऊसाहेब उठले. "चार बुकं शिकला तं तोंड फुटलं?"

या वेळी कोणी हसलं नाही. मीही नाही.

निघताना मी व्हरांड्यातल्या भिंतीवर रंगवलेले नियम वाचले. त्याच शाळेत मी सात वर्षं काढली, कधी वाचले नव्हते. 'कोणताही एक पालक.' माझी बहीण तिथं तिसरीत होती. तिचा पालक माझा बाप. इतके दिवस हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. गावाच्या सोडा, आमच्याही नाही. नालीतला माणूस कोणाचा पालक असतो, हे आम्हीच विसरून गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी बाबा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून शाळेच्या पायरीवर बसला. मायनं ताटली पुढं केली.

"सोताच्याच बायकोचं चाखता?" हेडमास्तर म्हणाले.

"नियमात तसं काही लिहिलं नाई सर," मी म्हणालो.

बाबानं हळूहळू खाल्लं. पोरं ताटल्या घेऊन पाहत होती. "मीठ जरासं कमी हाये," तो म्हणाला.

"अठरा वर्सं माह्या हातचं खाल्लं," माय म्हणाली, "अन् मीठ आज समजलं!"

बाबाला लिहिता येत नाही. रजिस्टरात मी लिहिलं. त्यानं अंगठा दिला. असे बारा दिवस गेले. बारा दिवस पोरांनी पोटभर खाल्लं. तेराव्या दिवशी हेडमास्तरांनी मायला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. कारण विचारलं तर, चवीच्या नोंदी नाहीत.

मी तालुक्याला अर्ज केला. मग दुसरा. मग तिसरा. तीन वर्षं. 'महोदय' लिहायला मी तिथंच शिकलो.

गेल्या शनिवारी बहिणीचा फोन आला. ती आता सहावीत आहे, त्याच शाळेत. "दादा, पत्र आलं," ती म्हणाली आणि अडखळत वाचलं: चव नोंदवहीत पालकांच्या नोंदी आढळून आल्या नाहीत, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

बारा नोंदी. एका पानावर होत्या. ते पान कोणीतरी फाडलं.

"बाबा काय म्हणते?" मी विचारलं. मला भीती वाटली होती.

"काही नाई. सदरा धुवून वाळू घातला. म्हणे, उद्या रविवार हाये."

सुरुवातीला मी माफी मागितली होती. ती परत घेतो. मी आणखी अर्ज करणार नाही आणि कोणाला महोदय म्हणणार नाही. ते पान मी इथं पुन्हा लिहितो. हे जिथं जिथं छापलं जाईल, तिथं तिथं येऊन फाडा.

वार मंगळवार. मेनू: मूगडाळ खिचडी. चव: चांगली, मीठ थोडं कमी. चाखणारा: पालक. अंगठा माझ्या बापाचा. अक्षर माझं.