रबरी बदकं आणि माकलाचं हाड

मी घरात आयसोपॉड पाळतो, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी नाव पुन्हा विचारतो, मग फोटो बघतो आणि मग विषय बदलतो. त्याचा दोष नाही. कुंडी उचलली किंवा ओला दगड उलटला की खाली राखाडी, खवल्याखवल्यांच्या पाठीचे, चौदा पायांचे बारके जीव पळताना दिसतात ना, काही तर बोट लावताच गोळी होऊन गडगडतात, तेच हे. लहानपणी आम्ही त्यांच्या गोट्या खेळलोय. आमच्या घरात त्यांना धड नावसुद्धा नव्हतं.

माझं मालवणच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसभर भिंगाखाली चिमट्यानं स्क्रू उचलायचे, त्यामुळे बारीक वस्तूकडे बघत बसायची सवय. सात-आठ वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा फोनवर व्हिडिओ बघता बघता मला कळलं की जगात लोक हे प्राणी हौसेनं पाळतात आणि त्यात नाना जाती असतात. झेब्र्यासारखे पट्टे असलेली, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, नारिंगी काठाची. आणि एक थायलंडच्या गुहेतली, जिचं तोंड पिवळंधमक, अगदी आंघोळीच्या टबातल्या खेळण्यातल्या बदकासारखं. तिला नावच रबर डकी. मी तिच्यावर लट्टू झालो.

आई तेव्हा मासळी बाजारात बसायची. माझे वडील लवकर गेले, तेव्हापासून बसायची. संध्याकाळी ती पाटी धुऊन पालथी घालायची, बेसन लावून हात धुवायची आणि ओट्यावर टेकायची. मी फोन तिच्या पुढे धरला. एकेक जात दाखवली. तिनं डोळे बारीक करून फोटो पाहिले, बांगडा घेताना पाहते तसे.

"लोक कुत्रे पाळतत, मांजरां पाळतत," ती म्हणाली. "माजो झिल दगडाखालचे किडे पाळतलो. सून खंयसून गावतली माका?"

"किडे नाय गो आये. कुर्ल्यांच्या भावकीतले ते. पोटाखाली कल्ले आसत त्येंका."

खेकड्यांचे नातेवाईक, असं मी मोठ्या ऐटीत सांगितलं. हेच वाक्य पुढे माझ्या मानगुटीवर बसणार होतं.

कल्ले म्हटल्यावर तिनं फोन हातातच घेतला. बोटानं फोटो मोठा केला आणि खदखदून हसली. "ह्यो माका म्हायत आसा रे! हलव्याच्या तोंडात बसता, तो ह्येचोच भाव मेलो!" मी खोटं समजलो. मग शोधून पाहिलं तर ती बरोबर. समुद्रातला एक आयसोपॉड हलव्यासारख्या माशाच्या तोंडात शिरून जिभेच्या जागी बसतो. मी महिनाभर रात्रंदिवस वाचत होतो ते तिनं चाळीस वर्षं माशांची तोंडं उघडून पाहिलं होतं.

रबरी बदकं मागवायला मात्र तिचा विरोध होता. "लांबसून इल्ला म्हावरा मी कधी इकूक नाय. तू जिवंत जनावरां कसली मागवतंस?" तिचं म्हणणं, घ्यायची तर जवळची घे, इथली हवा मानवेल अशी. पण मला जवळचं नको होतं. मला असं काहीतरी हवं होतं जे अख्ख्या जिल्ह्यात कुणाकडे नाही. पुण्यात घरी पैदास करणाऱ्या एका मुलाकडून मी सहा मागवली. किंमत आईला सांगितली नाही.

ओल्या शेवाळात गुंडाळून आइस्क्रीमच्या डब्यात ती आली. मी मोठा पारदर्शक डबा तयार ठेवला होता. खाली माती, वर फणसाचा वाळका पाला, कुजकं लाकूड, जांभ्या दगडाचा एक तुकडा, बाजूला हवेला भोकं. एवढ्यात मी एक पाकीट फोडलं. या प्राण्यांच्या पाठीला चुना लागतो, म्हणून त्यांना समुद्रफेन द्यावा लागतो, तोही मी पैसे मोजून मागवला होता. आईनं पाकिटातला पांढरा तुकडा पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"ह्या माकलाचा हाड मरे! ह्या आमी रोज फेकतंव!"

माकूल, म्हणजे मऊ अंगाचं, लांब सोंडांचं समुद्री जनावर, कापलं की पाठीतून होडीच्या आकाराचं जे हलकं पांढरं हाड निघतं, तेच ते. त्यानंतर पाकीट कधी आणलं नाही. आठवड्यातून एकदा पाटीच्या कोपऱ्यात हाड यायचं, मी ते धुऊन डब्यात ठेवायचो.

ते वर्ष मला फार आठवतं. दुकान बंद करून घरी आलो की आई ओट्यावर मांडीवर डबा घेऊन बसलेली. अंगाला मासळीचा वास, केसांत अबोलीचा गजरा, आणि डब्याला नाक लावल्यासारखी वाकून आत बघतेय. "तो ढब्बो खंय गेलो रे? सकाळपासून दिसूक नाय." तिनं त्यांना नावं नाही दिली, पण ओळखायची सगळ्यांना. एकदा मी एकाला चमच्यावर घेतलं होतं. तिनं त्याची खालची बाजू बघितली आणि निवांतपणे म्हणाली, "ही गाबोळीची आसा."

गाबोळी म्हणजे माशाच्या पोटातली अंडी. मी म्हटलं, काहीतरीच. पंधरा दिवसांनी पाल्याखाली तांदळाच्या कणीएवढी पांढरी पिल्लं चालत होती. मी नाचायचा बाकी होतो. आई म्हणाली, "बघलंस?" आणि भाजी चिरायला गेली. तेवढं सुख मला पुढे कुठल्याच दुर्मिळ जातीनं दिलं नाही.

पुढच्या एप्रिलात मी मित्राच्या लग्नाला बांद्याला गेलो, दोन दिवस. निघताना सांगितलं, "उष्मो जास्त आसा, डबो सुकूक देव नको." एवढंच. घाईत होतो.

परत आलो तेव्हा डब्यावर गोणपाटाचा ओला तुकडा घातलेला होता. तो बघितल्याबरोबर मी हातातली पिशवी तिथेच टाकली, कारण आई कुर्ल्या जिवंत ठेवायला तसंच गोणपाट घालते, समुद्राच्या पाण्यात बुडवून. मी झाकण काढलं. दगडावर मिठाची पांढरी पुटं चढली होती. सगळी मेली होती. सहाच्या सहा, आणि पिल्लंसुद्धा.

"कुर्ल्यांच्या भावकीतले म्हणालंस ना तू?" आई दारात उभी होती. "लाइट गेलेली, सुकत होते. म्हणान खारा पाणी शिपडलंय. दोन येळा."

या प्राण्यांना ओल लागते, पण गोड्या पाण्याची. मिठानं ते मरतात. हे मी तिला आधी कधी सांगितलंच नव्हतं, त्या दिवशी ओरडून सांगितलं. मी तसा तापट माणूस आहे, हे मालवणच्या बाजारात कुणीही सांगेल. पण त्या दिवशी जे बोललो ते तापटपणाच्या नावावर खपवता येणार नाही.

"मासे कापूच्या पलीकडे तुका काय कळता?"

माझ्या तोंडून हे शब्द गेले. तिच्या हातांनी कापलेल्या मासळीवर मी शिकलो, दुकान टाकलं, आणि हे बोललो. तिनं गोणपाट उचललं, बाहेर नेऊन पिळलं आणि दोरीवर वाळत घातलं. जेवायला वाढलं. दुसऱ्या दिवशीही सगळं नेहमीसारखं, फक्त ती माझ्या खोलीत पाऊल टाकेना.

तीन आठवडे गेले. मे महिन्याच्या ऐन उन्हात ती एका दुपारी माझ्या दुकानात आली. त्याआधी ती दुकानात कधीच आली नव्हती, अंगाला वास येतो म्हणून. हातात स्टीलचा डबा. आत समुद्राचं पाणी आणि त्यात बोटाच्या पेराएवढा, दुधासारखा पांढरा, काळ्या डोळ्यांचा एक जीव पाय हलवत होता.

"हलव्याच्या तोंडातलो. गाबोळीचो आसा, बघ. ह्यो पाळ."

मागाहून मला मासळी बाजारातल्या बायकांकडून कळलं की ती पंधरा दिवस रोज लिलावाच्या जागी प्रत्येक हलव्याचं तोंड उघडून बघत होती. लोक हसत होते. हा जीव माशाच्या तोंडाबाहेर जगत नाही, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "बरो आसा, आये." माझ्यापुढे गिऱ्हाईक बसलं होतं, नाहीतर मी रडलो असतो. संध्याकाळपर्यंत तो मेला. मी तिला सांगितलं, समुद्रात सोडला. "बरा केलंस," ती म्हणाली. तिला खरं कळलं असणार. मासळी जिवंत की मेलेली, हे तिला मी काय सांगणार?

त्यानंतर तीच म्हणाली, नवीन कसली मागवतोस, चल माझ्याबरोबर. परसात नारळ सोलून निघालेल्या सोडणांचा ढीग कुजत पडला होता. तिनं पायानं वरचं सोडण सरकवलं. खाली फिकट पिवळ्या काठाचे शेकडो. "हे आपले. ह्येंका हवा मानवतली." तेच आजही माझ्याकडे आहेत. दुर्मिळ वगैरे काही नाहीत, कोकणात कुठल्याही परसात सापडतील. माझ्यासारखे नाद असलेले लोक फोटो बघून नाक मुरडतात. त्यांना मुरडू दे.

हाडं पुन्हा येऊ लागली. एकदा सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं तर आई विहिरीवर बसलेली. पुढ्यात बादलीत हाड भिजत घातलेलं. तिनं ते काढलं, जिभेचा शेंडा लावला, थुंकली, पाणी ओतून दिलं, नवीन शेंदलं आणि हाड परत बुडवलं. ती मीठ गेलं की नाही ते चाखून बघत होती. प्रत्येक हाड असं तीन-तीन दिवस. तिथल्या तिथे जाऊन माफी मागायला हवी होती. मी चहाचा कप घेऊन खोलीत गेलो.

आता तिचे गुडघे गेलेत, बाजार सुटला. हाडं तिच्या जुन्या मैत्रिणी पाठवतात. दोन वर्षांपूर्वी मोठा ताप आला, त्यात तिची चव गेली ती आलीच नाही. सार कधी खारट होतं, कधी अळणी. मी गुपचूप जेवतो. घरात पाटी नाही, तो वास नाही, संध्याकाळचा ओटा रिकामा असतो आणि मला त्या वासासाठी जीव तुटतो, हे मी पूर्वी कुणाला सांगितलं असतं तर हसले असते.

परवा दुपारी ती भिंतीला धरत माझ्या खोलीच्या दारात आली आणि नेहमीसारखी उंबऱ्याबाहेरच थांबली. हातात ओलं हाड.

"तू चाखून बघ रे. माका आता खारट कळणा नाय."

मी जीभ लावली. खरखरीत, थंड आणि खारट.

"खारट आसा, आये. अजून एक दिस होयो."

ती ओशाळली. हाड माझ्या हातातून परत घेतलं. "बरा झाला तू चाखलंस. नायतर परत माज्या हातान मेले असते."

परत. इतक्या वर्षांनी, परत. मी विसरलोय असं ती धरून चालली होती, आणि मी धरून चाललो होतो की ती विसरलीय.

"तेव्हा तुज्या हातान नाय मेले गो," मी म्हटलं. "तुका पुरा सांगूक नाय, ती चूक माजी. आणि बोललंय ती त्येच्याहून मोठी."

तिनं हाड माझ्या हातात दिलं. मग डब्याकडे बघितलं, खोलीत आली आणि माझ्या खुर्चीत बसली. डबा ओढून मांडीवर घेतला.

"बादलीतला पाणी बदल जा," ती म्हणाली. "मी बघतंय ह्येंका."