जरा आतून ऐकते

"जरा आतून ऐकते हां," असं म्हणून शेजारच्या वहिनी स्वयंपाकघरात जायच्या. तुम्हीआम्ही स्पीकर निवडताना समोर सोफ्यावर बसतो, डोळे मिटतो, उगाच मान डोलावतो. वहिनी ओट्यापाशी कोथिंबीर निवडत ऐकायच्या. घरातलं सगळं गाणं त्यांनी आयुष्यभर तिथूनच ऐकलेलं.

गाणं भाऊंचं, म्हणजे त्यांच्या यजमानांचं. घाटकोपरच्या आमच्या मजल्यावर दर शनिवारी त्यांच्या हॉलमध्ये भजनी मंडळी बसायची. मग भाऊंच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. आधीच्या एका शनिवारचं रेकॉर्डिंग तेवढं मोबाइलमध्ये राहिलं होतं. वहिनींना ते पसंत नव्हतं.

"डब्यात कोंडल्यासारखे वाटतात रे. मला ते घरात हवेत."

स्पीकरची हौस असलेला मजल्यावर मी एकटाच, त्यामुळे हे काम माझ्या गळ्यात पडलं.

पहिल्याच दुकानात त्यांनी विक्रेत्याला विचारलं, "तुमचं स्वयंपाकघर कुठे?" तो बिचारा चक्रावला. शेवटी वहिनी जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या. त्याने चांगले उंच, भारी स्पीकर लावले, बारीक आवाजाला वेगळा गोल पडदा, जाड आवाजाला वेगळा. काचा थरथरल्या. वहिनी नाक मुरडत परत आल्या.

"एकेका खोक्याला दोन-दोन तोंडं. माणसाला एकच असतं ना?"

"वहिनी, बेस बघा ना, झकास आहे!"

"बेस तू बघ."

आणखी दोन-तीन दुकानांत हेच झालं. मग मला माझ्याच घरातली जुनी जोडी आठवली. साधी लाकडी खोकी, प्रत्येकात एकच गोल पडदा, बारीक-जाड सगळं त्यातूनच. रविवारी सकाळी ती मी त्यांच्या हॉलमध्ये मांडली. भाऊ खुर्चीत बसले खरे, पण तोंड खिडकीकडे करून. स्वतःचा गेलेला आवाज ऐकणं त्यांना जड जात होतं. मलाही त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

भजन सुरू झालं आणि आतून वहिनी ओरडल्या, "मृदंगवाला लांब गेला रे!"

असल्या स्पीकरना जाड आवाज बेताचाच. मी ओशाळून म्हटलं, "बंद करू?"

"नको, बसू दे लांब. गाणारा जवळ आहे."

त्या रेकॉर्डिंगमध्ये पहिला अभंग संपल्यावर भाऊ खाकरतात आणि पाणी आणायला आपल्या कोकणातल्या बोलीत आत हाक मारतात, "अगो, पाणी हाड गो." दुकानादुकानांतून ती हाक ऐकून मला पाठ झाली होती. त्या दिवशी हाक आली आणि वहिनी पाण्याचा पेला घेऊन बाहेर आल्या. हॉलच्या मध्यावर थबकल्या. आपण काय केलं ते त्यांना तेव्हा उमगलं. आधी हसल्या, मग पदर डोळ्यांना लावला. भाऊंनी वळून हात पुढे केला, पेला घेतला आणि ते सगळं पाणी प्यायले.

"हेच राहू देत," वहिनी म्हणाल्या. मी ते परत आणले नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात वहिनी गेल्या. मला त्यांची फार आठवण येते. शनिवारी संध्याकाळी भिंतीपलीकडून भजन सुरू झालं की मी हातातलं काम टाकून ऐकत बसतो. पहिला अभंग पुरा होतो. भाऊ खाकरतात. तिथेच, हाकेच्या आधी, ते स्पीकर बंद करतात.