कार्बोरेटरखालचं अस्तर

आमच्या आत्याबाई माणसाला आधी मापानं ओळखत आणि मग नावानं. मला बघायला त्या लातूरहून नांदेडला आल्या होत्या. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले, तर त्यांनी नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. चष्म्यावरून एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शेजारी बसलेल्या मुलाला, म्हणजे आताच्या आमच्या ह्यांना, म्हणाल्या, "छत्तीस. खांदा साडेतेरा." माझी आई घाबरली. तिला वाटलं, पत्रिकेतलं काहीतरी वाईट निघालं. पंधरा दिवसांनी साखरपुड्याचं ब्लाऊज शिवून आलं, ते अंगावर असं बसलं की आमच्या गल्लीतल्या टेलरकडे मी पुन्हा गेलेच नाही.

सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. त्यांचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक पाय-मशीन, एक काच लावलेलं कापायचं टेबल आणि भिंतीला खिळ्यावर टांगलेले पुठ्ठ्याचे नमुने. शिवणात जे जास्तीचं कापड आत सोडतात त्याला माया म्हणतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. हा शब्द त्या कुठंही वापरायच्या. भात टाकताना "एक वाटी माया धर, कुणी आलं तर?" बसला निघताना "धा मिनिटं माया ठिवून निघ." ह्यांच्या रागाबद्दल मी तक्रार केली तेव्हासुद्धा शांतपणे म्हणाल्या, "त्याला कापतानाच माया कमी पडली गं. आता उसवून उपेग न्हाई."

घरासमोर ताडपत्रीखाली एक पोपटी रंगाची, जुनी छोटी गाडी उभी असायची. मामंजींनी ती कुणाकडून तरी वापरलेली घेतली होती. रविवारी ते ती सायकलच्या वेगानं मुरुडला भावाकडे नेत आणि संध्याकाळी परत आणून फडक्यानं पुसत. दुसऱ्या कुणाला चाकावर हात ठेवू देत नसत. ते गेले आणि गाडी दोन वर्षं जागची हलली नाही. आमच्या लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात आत्याबाईंनी जेवता जेवता जाहीर केलं, "उद्यापासून मी गाडीच्या क्लासला चाल्ले." तेव्हा त्यांचं वय अठ्ठावन्न. ह्यांच्या हातातला घास हातातच राहिला.

बाविसाव्या दिवशी त्या पोपटी गाडी स्वतः चालवत घरी आल्या. येताना शेजाऱ्यांची कण्हेर पाडली. खाली उतरून तिच्याकडे बघत म्हणाल्या, "ही छाटायलाच झाली होती." मग काय विचारता! धाग्याची एक रीळ आणायला गाडी, हुक आणायला गाडी. गंजगोलाईची बाजारपेठ चालत जवळ पडायची आणि गाडीनं लांब, तरी गाडीच. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, पदर खोचून, ओठ मिटून त्या गल्लीतून निघाल्या की म्हशीसुद्धा बाजूला होत.

आणि नेमकी तेव्हाच गाडी बिघडली. सगळ्या गल्लीत पेट्रोलचा वास. नजीरभाई मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, बराच वेळ आत डोकं घालून बसला आणि बाहेर काढलं तेव्हा कुणीतरी गेल्याचं सांगावं तसं तोंड केलं. "अम्मा, कार्बोरेटर घिस गया. इसका अब किदरबी मिलता नै."

"दुसरा लाव."

"व्हॅनवाला मिलता. पन उसके पायां के छेद अलग, इसके अलग. बैठताच नै."

हे म्हणाले, "आई, झालं तेवढं बास. भंगारात देऊ. नवी गाडी घेऊ, एसीवाली."

"नव्या गाडीत मी कुठं बसंन?"

"पुढं. माझ्या शेजारी."

"म्हंजी डावीकडं." आत्याबाईंनी चष्मा काढून पुसला. "डावीकडं बसून लई वर्षं काढली रं बाबा."

गल्लीतल्या सगळ्यांना वाटायचं, नवऱ्याची आठवण म्हणून ही बाई गाडीला जपते. मलाही तसंच वाटत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की ती आठवण त्यांना नको होती, चाक हवं होतं. शिवाय माहूरच्या रेणुकेला त्या बोलून बसल्या होत्या, की यंदा तुझ्या डोंगरावर मी स्वतः गाडी घालून येईन.

त्यांनी नजीरभाईला व्हॅनचा कार्बोरेटर आणायला लावला. तो एका हातात धरला, दुसऱ्या हाताचं बोट इंजिनच्या उघड्या तोंडावरून फिरवलं आणि म्हणाल्या, "हे वरचं अंग, हे खालचं अंग. एकमेकाला जुळंना म्हून का कापड फेकून देत्यात? मधी अस्तर घालायचं." नजीरभाई हसला. आत्याबाईंनी गळ्यातली टेप काढली.

कल्पना साधी होती. मधे एक जाड प्लेट. तिला चार भोकं खालच्या इंजिनच्या मापाची, चार वरच्या कार्बोरेटरच्या मापाची आणि मधोमध हवा-पेट्रोल जायला मोठं भोक. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा इंजिनच्या तोंडावर ठेवून त्यांनी तेलकट बोटानं दाबला, की कडांचा ठसा उमटला. डाळमिलच्या भंगारातून करंगळीइतक्या जाडीचा अल्युमिनियमचा तुकडा आणला. त्यावर शिंप्याच्या खडूनं बेतलं. हॅकसॉनं कापायला बसल्या तेव्हा मी म्हणाले, "आत्याबाई, रेघेवरून कापा की." "येडी का? माया नको? रेघ कानशीनं गाठायची." मधलं मोठं भोक पाडायला मोठं ड्रिल नव्हतं. त्यांनी गोलाच्या आतून बारीक भोकांची माळ पाडली, मधली चकती ठोकून काढली आणि मग कानस घेऊन दुपारभर ते भोक गुळगुळीत करत बसल्या. गिऱ्हाइकं ब्लाऊज मागायला येत. आत्याबाई मान वर न करता सांगत, "बुधवारी. सध्या हिचं घेतलंय शिवायला."

घरभर अल्युमिनियमचा कीस. हे ऑफिसात गेले तर साहेबांनी विचारलं, काल कुठं वरातीत गेला होतात का, शर्टावर चमकी दिसतेय.

पहिली प्लेट घेऊन आम्ही दोघी गॅरेजात गेलो. नजीरभाईनं ती बसवायला घेतली. दोन भोकं जुळली, दोन जुळेनात. आत्याबाईंनी प्लेट फिरवून पाहिली, पुठ्ठा फिरवून पाहिला आणि अचानक खाली बसून पदरात तोंड लपवून हसायलाच लागल्या. "अगं, पुठ्ठा पालथा धरला मी! दोन्ही बाह्या डाव्या बेतल्या!" चाळीस वर्षांपूर्वी शिकाऊ असताना एका फौजदारीणबाईच्या ब्लाऊजला त्यांनी हेच केलं होतं म्हणे. त्या बाईनं केलेला तमाशा त्यांनी तिथंच साभिनय करून दाखवला. नजीरभाई डोळे पुसत होता.

दुसरी प्लेट नीट बसली. बोल्टांची डोकी कार्बोरेटरला अडू नयेत म्हणून त्यांनी ती प्लेटच्या आत बुडतील अशी भोकं रुंद केली होती. "टाचणी आत ऱ्हायली तर बाई टोचून मरंल ना," हे त्याचं कारण. गाडी सुरू झाली. मी टाळ्या वाजवल्या. पण ॲक्सिलरेटरला पायसुद्धा न लावता इंजिन ओरडायला लागलं. नजीरभाईनं प्लेटच्या कडेला साबणाचं पाणी सोडलं, तसा आवाज क्षणभर उतरला. "हवा खींच रई, अम्मा. सपाट नै हुई."

हे नेमके तेव्हाच गॅरेजात आले होते. म्हणाले, "सांगत होतो मी." आत्याबाईंचा चेहरा पडला. एवढ्या दिवसांत तो पडलेला मी तेव्हाच पाहिला. घरी येऊन त्या मशीनवर बसल्या, पण पाय चालेनात.

त्या दिवशी मी पुढं झाले, एवढीच माझी या कामातली हुशारी. कापायच्या टेबलाची काच अगदी सपाट आहे, हे मला सुचलं. काचेवर पॉलिशपेपर पसरला आणि प्लेट त्यावर घासायला लागले. आत्याबाई थोडा वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग उठून आल्या. "सरळ नको. आठाचा आकडा काढ. एकाच बाजूनं झिजंल न्हाई तर." तीन दुपारी आम्ही दोघी आळीपाळीनं आठ काढत होतो. सासू-सुनेनं एकमेकींविषयी जे मनात ठेवायचं असतं, त्यातलं बरंचसं त्या तीन दुपारी बोलून झालं. चौथ्या दिवशी गाडी उभ्या जागी अशी शांत चालली की नजीरभाईनं स्वतःची टोपी काढून बॉनेटवर ठेवली आणि म्हणाला, "अम्मा, अब तुम मेरेको सिखाव."

माहूरला आम्ही तिघं गेलो. हे डावीकडे. त्यांनी डिकीत दोरखंड ठेवला होता, खिशात ट्रकवाल्याचा फोन नंबर ठेवला होता आणि चाकूरपासूनच दर पाच मिनिटांनी विचारत होते, "वास येतोय का कसला?" घाट सुरू झाला. आत्याबाईंनी गिअर उतरवला. पुढच्या ट्रकनं काळा धूर सोडला, मागचा जीपवाला हॉर्न वाजवत राहिला. "जाते बाबा, जाते. तू पोचायच्या आधी देवी कुठं पळून चालली न्हाई," असं आरशात बघून बोलत त्यांनी त्या चढणीवर पोपटी गाडी अलगद चढवली. वर पोचल्यावर इंजिन बंद केलं आणि हात स्टिअरिंगवरच ठेवून बसून राहिल्या. ह्यांनी उतरून आईचं दार उघडलं. तोंडानं कौतुक केलं नाही, पण दार उघडलं. आमच्या घरात तेवढं पुष्कळ होतं.

नजीरभाईनं ही गोष्ट सगळीकडे सांगून टाकली. मग उदगीर, मुखेड, देगलूर अशा ठिकाणांहून जुन्या गाड्यांचे लोक पुठ्ठ्यावर ठसे घेऊन यायला लागले. भिंतीवरच्या ब्लाऊजच्या नमुन्यांत आता प्लेटचे नमुने लटकले. एक गृहस्थ जास्त घाई करायला लागले तर आत्याबाई म्हणाल्या, "लगीन हाय का गाडीचं?"

सात-आठ वर्षं त्या गाडी चालवत होत्या. मग डोळ्याचा त्रास सुरू झाला. ऑपरेशन झालं, पण एका डोळ्याची नजर पुरती परतली नाही. एक दिवस गाडी मागे घेताना खांबाला पुसटशी लागली. त्या उतरल्या, ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. "अंतर कळंना झालंय." कुणी समजूत काढावी लागली नाही. चाकूरच्या एक नर्सबाई त्यांच्याकडून गणवेश शिवून घ्यायच्या. नुकत्याच गाडी शिकल्या होत्या आणि खेड्यापाड्यांत फिरायच्या. आत्याबाईंनी पोपटी गाडी त्यांना देऊन टाकली. ती गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत दारात उभ्या राहिल्या आणि आत येऊन मला म्हणाल्या, "वळताना क्लच लवकर सोडती. शिकंल."

गेल्या थंडीत त्या गेल्या. दुपारी जेवून कलंडल्या, त्या उठल्याच नाहीत.

दहाव्या दिवसाच्या आधी, एका सकाळी दारात एक जुनी गाडी थांबली. देगलूरचा एक अनोळखी माणूस उतरला. प्लेट त्याच्या वडिलांनी आत्याबाईंकडून करून नेली होती. तो लातूरला कामासाठी आला होता, म्हणून आजींना दाखवायला आला होता की अजून छान चालतेय. त्याला काही ठाऊक नव्हतं. मी सांगितल्यावर तो बिचारा चपला काढाव्यात की परत जावं या विचारात उभा राहिला. गाडी तशीच चालू होती.

हे आतून आले. त्यांनी सरळ बॉनेट उघडलं. कार्बोरेटरच्या खाली ती बोटभर जाडीची पट्टी होती, कडेला कानशीचे बारीक ओरखडे असलेली. हे वाकून बघत राहिले. ज्या वस्तूला त्यांनी कधी हात लावला नव्हता, तिच्याजवळ बोट नेलं. इंजिन तापलेलं होतं, तरी नेलं.

"आईनं केलंय हे," ते त्या माणसाला म्हणाले, जणू त्याला माहीतच नव्हतं.

तो माणूस संकोचून इंजिन बंद करायला गाडीत किल्लीकडे वाकला. ह्यांनी त्याचा हात धरला.

"असू द्या. थोडा वेळ चालू असू द्या."