सुलावचा घाणा आणि उंगातचा कोंबडा

सुलाव किती तापट, हे सगळी बिऱ्हाडं एकाच छपराखाली असलेल्या आमच्या लांबघरात कुत्र्यांनाही ठाऊक. नवऱ्याने एकदाच हात उगारला, तर तिने त्याला खांबांवरच्या उंच ओसरीवरून थेट खालच्या डुकरांत लोटलं. डुकरंच घाबरली बिचारी. पुढे नवरा गेला आणि राग बियांवर निघू लागला. कपायांगच्या झाडाची कच्ची बी म्हणजे जहर. दवाखान्यातली नर्स त्याला सायनाइड म्हणते. सुलाव बिया उकडते, मोगरीने ठेचून फोडते, गर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात बुडवून ठेवते. विष पाण्याबरोबर जातं, तेल गरात राहतं. सुगीच्या सणाला सगळं लांबघर त्याच तेलात तळतं.

सणाच्या आदल्या दिवशी भिजलेला गर घाण्यात भरला होता. संध्याकाळपर्यंत पिळला नाही तर नासणार. घाणा कसला, दोन फळ्या आणि वर वेताने आवळलेली दांडी. पण आमच्याकडे तेवढा एकच. तेवढ्यात शेजारचा उंगात कोयता परजत आला. दुसऱ्या हातात झुंजीचा कोंबडा, मेलेला.

"मावशे, तुझ्या बियांनी मारला याला! झुंजीआधीच तोंडाला फेस! घाणाच तोडतो तुझा!"

"माझ्या बियांनी?" सुलावने जवळच्या टोपलीतला मूठभर गर तोंडात कोंबला, चावून गिळला. "मेले का मी? आण तो मुडदा."

कोंबडा हिसकावून तिने त्याच्या गळ्याखालची दाण्यांची पिशवी सुरीने टर्रकन फाडली. रक्ताने माखलेले पांढरे, कडक तुकडे फळीवर सांडले. तिचा गर तर तपकिरी, बोटाने चेपणारा.

"ही कच्ची बी. कुणी चारली रे?"

"यांनीच!" उंगातची बायको मागून किंचाळली. "म्हणे, कपायांगने माणूस झिंगतो, तर कोंबडा चवताळेल!"

सगळी ओसरी खदखदून हसली. तेच उंगातला झोंबलं. त्याने कोयता घातला तो दांडीच्या बंधांवर. वेत तटातट तुटला. दुसरा घाव फळ्यांवर पडणार, तोच सुलावची मोगरी त्याच्या मनगटावर बसली. काड्! ऐकणारेही आपापलं मनगट चाचपू लागले.

उंगात कोकलत गुडघ्यांवर कोसळला. सुलावने कोयता खाली भिरकावला, त्याची मानगूट धरली आणि त्याला फरपटत दांडीपाशी आणलं.

"वेत तोडलास ना? आता त्याच्या जागी तूच बस हिच्यावर."

"मावशे, हात मोडला गं!"

"ढुंगण शाबूत आहे की!"

तो बसला. शिव्या देत, रडत, मोडका हात छातीशी धरून. फळ्या करकरल्या आणि खालच्या हंड्यात तेलाची पिवळी धार लागली.

"हलू नकोस," सुलाव म्हणाली, "अजून दोन टोपल्या आहेत."