नव्या तांदळाची टोपली

मिशनच्या ज्या शाळेत मी शिकले, तिच्या सुवर्णमहोत्सवाला मला भाषणाला बोलावलं होतं. विषय दिला होता, 'शाळेनं मला काय दिलं'. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी, मी गेले. मायही आली, पण माझ्या भाषणासाठी नव्हे.

आमच्या जंगलपट्ट्यातल्या ख्रिस्ती घरांत नवा तांदूळ आधी देवाला जातो, मग चुलीवर चढतो. शाळेच्या सणाच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, बाया डोक्यावर टोपल्या घेऊन अनवाणी वेदीपर्यंत जातात. मी पहिलीत होते तेव्हापासून सगळ्यांत पुढे माय असायची, अन् तिला त्याचा ताठाही होता. वसतिगृहाच्या बाकावरून मी शेजारणीला चिमटा काढून सांगायचे, ती बघ माझी माय. त्या शाळेवर माझा जीव जडला तो असा.

या वर्षी सणाच्याच दिवशी महोत्सव होता, अन् बिशप येणार होते. चर्चच्या दारातच एका नव्या सिस्टरनं मायला थांबवलं. गोड हसून म्हणाली, "आंटी, इस बार अर्पण बच्चे ले जाएंगे. आप पीछे बैठिए ना."

बच्चे म्हणजे गोंदियाहून बसनं येणारी, राइस मिलवाल्यांची. भाड्याचे पोशाख, डोक्याला मोरपिसं, गालांवर पांढरे ठिपके. आमच्यात असलं सोंग कुणी घेतलेलं मी तरी पाहिलं नाही. माइकवरून पुकारा झाला, "देखिए, हमारे आदिवासी भाई-बहन!" त्यांच्या टोपल्यांत पाकिटातला बासमती होता. खरी आदिवासी बहीण शेवटच्या बाकावर, मांडीवर टोपली घेऊन बसली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मिस्सेनंतर सभा झाली. माझी पाळी आली तेव्हा मी एवढंच म्हणाले, "या शाळेनं मला जे दिलं, ते माझ्या मायच्या या टोपलीमुळे. तिला आज मागं का बसवलं?"

लोकांना वाटलं, पोरगी आईचा गौरव करते आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. मायला मंचावर आणलं, खांद्यावर शाल टाकली, बिशपांसोबत उभं केलं. फोटोत मध्ये येते म्हणून कुणीतरी टोपली तिच्या हातातून घेऊन खुर्चीखाली सरकवली.

निघताना फादर प्रेमानं म्हणाले, "तांदूळ किचनमध्ये ठेवून द्या. देव कुठूनही घेतो."

मायनं खुर्चीखालची टोपली उचलली. रस्त्यात मी म्हटलं, "ठेवला असतास तर?"

"मागच्या दारानं देवाले कायले देऊ? थो काय चोर आहे?"

नाताळला आमच्या ताटात रेशनचा भात होता. नवा तांदूळ रांध म्हणून मी दोनदा म्हणाले. ती म्हणाली, "देवानं नाही चाखला, तं आपण कसा खावा?"

तांदूळ अजून कोठीत आहे. उंदीर शिरू नयेत म्हणून मायनं झाकणावरून ती शाल घट्ट बांधली आहे.