मागचं दार

ट्रक येऊन उभा राहिला तेव्हा माय गल्ली झाडत होती. खाली धरण बांधून झालं होतं. येत्या पावसात आमचा ढाना, म्हणजे सातपुड्यातली आमची वीस-पंचवीस कोरकू घरं, पाण्याखाली जाणार होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवत ओरडला, "बाई, बुडत्या गावाले काऊन झाडून राह्यली?" माय म्हणाली, "बुडालं तं साफ बुडू दे." टोकापर्यंत झाडून झाल्यावरच ती ट्रकमध्ये चढली.

ढान्यावरच्या माझ्या माणसांनो, ती गल्ली म्हणजेच आपलं गाव होतं. समोरासमोर घरांच्या दोन ओळी, मध्ये रुंद मोकळी जागा. कोणाची चूल पेटली नाही, हे समोरच्या दाराला आधी कळायचं. जळगाव जामोदजवळच्या नव्या वसाहतीतही ओळी दोनच होत्या, पण सगळ्या दारांची तोंडं डांबरी सडकेकडे. पुढच्या ओळीत आम्ही. मागच्या ओळीतल्या सुगरायमावशीच्या दारासमोर आमची कोरी भिंत. चौथ्या दिवशी मायनं पहार घेतली आणि त्या भिंतीत दार पाडलं.

पुनर्वसनाचे साहेब भडकले. दार बुजवल्याशिवाय घराचा कागद मिळणार नाही म्हणाले. "कागद ठेवा तुमच्यापाशी," माय म्हणाली, "दार कुठं ठेवाचं ते आमी ठरवू."

तिचं ठीक होतं. मला मात्र नर्सिंगला जायचं होतं आणि अर्जाला पत्त्याचा पुरावा म्हणून तोच कागद लागत होता. आज कबूल करते, तेव्हा मायचा भयंकर राग आला होता. ती मजुरीला गेल्यावर मीच त्या दारात विटा रचायला घेतल्या. सुगरायमावशी समोर बसून बघत होती.

"पोरी, तू शिक," ती म्हणाली, "पण आमच्या तोंडावर दार लावून नको जाऊ."

मग आमची पहार उचलून ती शेजारच्या घरी गेली. दिवस मावळायच्या आत पुढच्या ओळीतल्या प्रत्येक घराला मागून दार झालं होतं. "आता कोनाकोनाचा कागद अडवतेत पाहू," म्हणत दुसऱ्या दिवशी सगळे तहसीलवर जाऊन बसले आणि कागद घेऊनच उठले. माझ्या विटा मीच काढल्या.

आता मी शेगावला दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये राहते. नळ आहे, पंखा आहे, त्यांचं सुख आहे. खोटं कशाला बोलू? धरणानं विकास झाला म्हणतात. खालच्या मळ्यांना पाणी मिळालं, हे खरंच आहे. पण आम्हाला कोणी विचारलं नव्हतं, हेही खरं आहे आणि ते मी सांगत राहणार.

सुट्टीत बस मला सडकेवर सोडते. तिकडची सगळी दारं बंद असतात, त्यांना टेकून सरपण रचलेलं असतं. सरकारी नकाशात दुसरी बाजू अजूनही आमच्या घरांची पाठच आहे. मी वळसा घालून तिथूनच आत जाते. माय गल्ली झाडत असते.